बाराशेचं सोया मेणबत्ती किट : सांगलीत धंद्याला किती कामाचं?

सुवासिक मेणबत्त्यांचा घरगुती धंदा सुरू करायचा म्हटलं की बहुतेकजणी पहिली खरेदी करतात ती ऑनलाइन मिळणाऱ्या ‘स्टार्टर किट’ची. चार-सहा नावांनी विकलं जाणारं हे किट आतून जवळपास एकच असतं, म्हणून इथे कंपनीचं नाव न घेता त्या साहित्याचीच तपासणी केली आहे. किंमत बाराशेच्या आसपास. खोक्यात १ किलो सोया वॅक्सचे (सोयाबीन तेलापासूनच्या मेणाचे) पांढरे फ्लेक्स, १० मिलीच्या दोन सुगंधाच्या बाटल्या (मोगरा आणि व्हॅनिला), बुडाला पत्र्याची चकती लावलेल्या १० सुती वाती, वात मधोमध धरायला दोन पट्ट्या, चिकटवायचे स्टिकर, ओतायचा अॅल्युमिनियमचा जग, काचेचा थर्मामीटर, चमकीसारख्या रंगाच्या तीन पुड्या आणि १०० मिलीचे चार पत्र्याचे डबे.

साहित्य टाकाऊ नाही. जग चांगला आहे, फ्लेक्स स्वच्छ आहेत, वात सरळ उभी राहते. घोळ आहे तो प्रमाणात, आणि तो कागद-पेन घेतल्यावर लगेच उघडा पडतो.

सोया वॅक्समध्ये सुगंध साधारण ६ ते १० टक्के घालतात. मधला आकडा ८ टक्के धरला, तर १ किलो वॅक्सला ८० ग्रॅम सुगंध लागतो. किटात दोन बाटल्या मिळून जेमतेम २० ग्रॅम. सगळ्या वॅक्समध्ये तो वाटून टाकला तर प्रमाण २ टक्क्यांवर येतं, आणि अशी मेणबत्ती पेटवल्यावर शेजारच्या खुर्चीपर्यंतही वास जात नाही. नवशिक्या बाईला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. तिचं काही चुकलेलं नसतं. आता डबे बघा. १०० मिलीच्या डब्यात वर थोडी जागा सोडून ९० मिली भरता येतं, म्हणजे सुमारे ८१ ग्रॅम मिश्रण. चार डब्यांना ३२४ ग्रॅम. त्यात ३०० ग्रॅम वॅक्स आणि २४ ग्रॅम सुगंध. म्हणजे डबे भरेपर्यंतच सुगंध संपतो आणि ७०० ग्रॅम वॅक्स उरतं, ज्याला ना भांडं आहे ना वास. खोक्यावर ‘१ किलो’ मोठ्या अक्षरात छापलेलं असलं, तरी नीट होणाऱ्या मेणबत्त्या चारच. बाराशे भागिले चार, तीनशेला एक पडली.

वॅक्सबद्दल सांगलीकरांनी जरा थांबून विचार करावा. पाकिटावर वितळण्याचं तापमान ४६ ते ४८ अंश दिलेलं असतं. ग्लासात भरायच्या मऊ सोया वॅक्सला हे शोभणारंच आहे. हे वॅक्स ग्लासाला छान धरतं, सावकाश जळतं, भांड्यांवरून गरम पाण्यानं निघून जातं. पण एप्रिल-मेमध्ये सांगलीत पारा ४० च्या घरात जातो. कुरिअरची गाडी दुपारी उन्हात उभी राहिली की आतलं तापमान सहज ५० च्या वर जातं. मेणबत्ती त्यात पूर्ण वितळते, वात कलंडते, आणि पुन्हा घट्ट होताना वर सुगंधी तेलाचे थेंब जमतात. गिऱ्हाइकाला डबा उघडल्यावर दिसतो तो तेलकट, खडबडीत गोळा. घरात पत्र्याखाली माल ठेवला तरी दवबिंदूंसारखे तेलाचे थेंब सुटतात. याला ‘स्वेटिंग’ म्हणतात, आणि सुगंध १० टक्क्यांच्या वर गेला असेल तर ते हमखास होतं.

यावर दोन उपाय चालतात. पहिला, मार्च ते मे या काळात वॅक्सचं मिश्रण बदलायचं : ७० टक्के सोया आणि ३० टक्के पूर्ण शुद्ध केलेलं ५८-६० अंशांचं पॅराफिन. कडकपणा येतो आणि पेटल्यावर वासही जास्त फेकला जातो. मात्र मग लेबलवर ‘१०० टक्के सोया’ लिहायचं नाही. ते खोटं ठरेल. दुसरा उपाय मधमाशीच्या मेणाचा. ते ६२ ते ६४ अंशांना वितळतं, त्यामुळे ५ ते १० टक्के घातलं तरी सोयाला बळ येतं. आपल्या शेजारीच महाबळेश्वरात मधाचा मोठा व्यवसाय आहे, मांघर गाव २०२२ मध्ये ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. तिथल्या मध उत्पादकांकडे मेणाची चौकशी करायला हरकत नाही. फक्त त्याला स्वतःचा मधाळ वास असतो आणि तो मोगऱ्यासारख्या नाजूक सुगंधाला दाबतो, चंदन किंवा दालचिनीबरोबर मात्र छान बसतो. कुठलंही मिश्रण बदललं की वात पुन्हा तपासायची. हा नियम कंटाळवाणा आहे, पण त्याला सूट नाही.

वातीवर आता सविस्तर, कारण मेणबत्ती बिघडते ती बहुतेक वेळा वातीपायी. किटातल्या दहाही वाती एकाच जाडीच्या आहेत आणि त्यांच्यावर कसलाही क्रमांक नाही. ६ सेंटीमीटरच्या डब्याला त्या बऱ्या चालतात. हौसेनं ८ सेंटीमीटरच्या रुंद ग्लासात तीच वात लावली की ज्योत मधलंच मेण खाते, कडेला जाड भिंत तशीच राहते, आणि शेवटी ज्योत स्वतःच्याच मेणात बुडून विझते. उलट, अरुंद ग्लासात जाड वात लावली तर ज्योत उंच नाचते, टोकाला काजळीचं बोंड येतं, ग्लासाची कड काळी होते आणि काच इतकी तापते की हात लावता येत नाही. दुसरा प्रकार धोक्याचा आहे, त्यातून काच तडकते.

म्हणून वात घेताना क्रमांक असलेलीच घ्यावी. ‘सीडी’ किंवा ‘इको’ मालिकेतल्या वाती आपल्याकडे मिळतात, क्रमांक जितका मोठा तितकी वात जाड. एका ग्लासासाठी लागोपाठचे तीन क्रमांक घ्यायचे, तीन सारखे ग्लास भरायचे, त्यात वॅक्स, सुगंध आणि रंग अगदी सारखे ठेवायचे. प्रत्येक खेपेला ४ तास जाळायचे, विझवून पूर्ण गार होऊ द्यायचे, वात ५ मिलीमीटरवर कापायची आणि पुन्हा पेटवायचे. तळापर्यंत हाच क्रम. ७ सेंटीमीटरच्या ग्लासात पहिल्या तीन-एक तासांत वितळलेलं मेण कडेपर्यंत किंवा कडेच्या अगदी जवळ पोहोचलं आणि त्याची खोली १ सेंटीमीटरच्या आसपास राहिली, तर वात जमली. पहिल्याच तासात मेण कडेला पोहोचलं तर खूश होऊ नका. अर्धा ग्लास रिकामा झाल्यावर आतली उष्णता वाढते आणि तीच वात मोठी ठरते. निकाल शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यावर ठरतो. तपासणी पंखा बंद ठेवून करा, आणि नंतर एक खेप पंखा चालू ठेवूनही बघा, कारण आपल्याकडे गिऱ्हाईक पंख्याखालीच मेणबत्ती लावणार. वाऱ्यानं ज्योत एका बाजूला झुकते, मेण एकाच अंगाला वितळतं आणि धूर होतो. हे लेबलवर लिहिलं नाही तर तक्रार तुमच्याकडे येते.

सुगंधाच्या बाटल्यांपैकी मोगरा बरा आहे. व्हॅनिलात व्हॅनिलिन असतं, त्यामुळे पांढरी मेणबत्ती काही दिवसांत पिवळट आणि मग तपकिरी पडते. हा दोष नसून व्हॅनिलाचा स्वभावच आहे. म्हणून व्हॅनिला, कॉफी, चॉकलेट हे वास आधीच तपकिरी रंगात काढावेत. बाटल्यांवर खरी उणीव वेगळीच आहे : इफ्राच्या प्रमाणपत्राचा उल्लेखच नाही. इफ्रा ही सुगंधांच्या सुरक्षित वापराचे नियम ठरवणारी आंतरराष्ट्रीय संघटना. तिच्या वर्गवारीत मेणबत्ती १२ व्या वर्गात येते. सुगंध घाऊक घेताना विक्रेत्याकडून त्या वर्गाची कमाल टक्केवारी लिहिलेलं प्रमाणपत्र मागावं. चांगला विक्रेता ते लगेच पाठवतो, टाळाटाळ करणाऱ्याकडून घेऊ नये.

उदबत्तीचा सेंट स्वस्त पडतो म्हणून तो मेणबत्तीत घालायचा मोह होतो. उदबत्तीच्या सुगंधात बहुधा पातळ करणारं डीईपी भरपूर मिसळलेलं असतं. त्यामुळे टक्केवारीचा हिशेब चुकतो आणि मेणबत्ती घामेजते. अंगाला लावायच्या स्प्रेमध्ये अल्कोहोल असतं, ते गरम मेणात घालणं म्हणजे भडक्याला आमंत्रण. शुद्ध मोगऱ्याचं अर्क-तेल परवडत नाही, हे मान्य करून मेणबत्तीसाठी बनवलेलं फ्रेग्रन्स ऑइल वापरावं आणि लेबलवर ‘नैसर्गिक’ हा शब्द टाळावा.

रंगाच्या पुड्या मात्र बाजूला ठेवून द्या. त्या मायकाच्या, म्हणजे अभ्रकाच्या आहेत. मायका मेणात विरघळत नाही, तळाशी बसतो आणि वातीचे धागे बुजवतो. ज्योत बारीक होत जाते आणि दोष वातीवर येतो. सांगली हळदीचं गाव, इथल्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं, त्यामुळे पिवळ्या रंगासाठी हळद घालायची कल्पना कुणालातरी सुचतेच. तीही मायकासारखीच वात बुजवते. मेणात विरघळणारा, तेलात मुरणारा मेणबत्तीचा रंग घ्या, १ किलोला चिमूटभर पुरतो. वरून वाळलेल्या गुलाबपाकळ्या, दालचिनीचे तुकडे किंवा कॉफीच्या बिया ठेवलेल्या मेणबत्त्या फोटोत सुंदर दिसतात आणि पेटल्यावर त्या पाकळ्याच वात होतात. विकायच्या मालात हे नको.

थर्मामीटर तपासायला घरात उकळतं पाणी आहेच, पण १०० अंश दिसले नाहीत म्हणून तो फेकू नका. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच आहे, इथे पाणी ९८ च्या आसपास उकळतं. महाबळेश्वरात ते ९५-९६ लाच उकळतं. काच फुटली की अख्खा घाणा वाया जातो, म्हणून पुढे-मागे स्टीलच्या दांडीचा डिजिटल थर्मामीटर घ्यावा. आणि किटात नसलेली पण सगळ्यात आधी लागणारी वस्तू म्हणजे वजनकाटा. सुगंध मिलीत मोजायचा नाही, ग्रॅममध्येच, आणि त्यासाठी ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा हवा.

ग्लासाची मापं अशी काढा. वरून १ सेंटीमीटर जागा सोडून ग्लास पाण्यानं भरा आणि पाण्याचं वजन करा. समजा १८० ग्रॅम आलं. त्याला ०.९ नं गुणलं की १६२ ग्रॅम, हे मेण आणि सुगंध मिळून वजन. त्याला १.०८ नं भागलं की १५० ग्रॅम वॅक्स, उरलेला १२ ग्रॅम सुगंध. एकदा हा हिशेब वहीत लिहिला की दहा ग्लास असोत की शंभर, फक्त गुणाकार करायचा. नंतर ग्लास पूर्ण कोरडा करा.

किटाबरोबरच्या पत्रकात ‘वॅक्स वितळवा, सुगंध घाला, ओता’ एवढंच लिहिलंय. मधली तापमानंच गायब आहेत. जग थेट गॅसवर ठेवायचा नाही, मोठ्या पातेल्यातल्या पाण्यात ठेवायचा. पाण्यामुळे मेण पाण्याच्या उकळबिंदूच्या वर जातच नाही, ही त्यातली सुरक्षितता. वॅक्स ८० ते ८५ अंशांवर आलं की खाली उतरवून सुगंध घालायचा आणि दोन मिनिटं सावकाश, बुडबुडे न येऊ देता ढवळायचा. घाईत अर्धवट ढवळलं तर सुगंध तळाशी बसतो आणि शेवटच्या थरात एकदम भडकतो. मग ५५ ते ६५ अंशांवर ओतायचं. पातेल्यातल्या वाफेचा एखादा थेंब जगात पडला तर मेणबत्ती तडतडते, म्हणून ओतण्याआधी जगाचं बूड पुसून घ्यायची सवय लावा.

ओतण्याचं तापमान गावागावावर आणि ऋतूवर अवलंबून आहे. सांगलीत मेमध्ये खोलीच ३५ अंशांवर असते, तिथे ५५ ला ओतलेलं छान बसतं. साताऱ्यात जानेवारीत, आणि महाबळेश्वर-पाचगणीला तर नक्कीच, थंड काचेत ओतलं की मेण झटकन आकसतं : पृष्ठभागावर पांढरी बुरशीसारखी नक्षी येते, काचेपासून मेण सुटून ओले डाग दिसतात, वातीभोवती खड्डा पडतो. तिथे ग्लास आधी ४० अंशांपर्यंत कोमट करून ६५ ला ओता आणि ग्लासांत दोन बोटं अंतर ठेवून, पंखा बंद करून गार होऊ द्या. पांढरी नक्षी निव्वळ दिसण्याची बाब आहे, सोयाची ती खूण आहे. वासावर किंवा जळण्यावर परिणाम होत नाही, आणि गिऱ्हाइकाला तसं आधीच सांगितलं तर ते समजून घेतं.

पत्रकात आणखी एक मोठी गोष्ट राहिली आहे ती म्हणजे मुरवण. सोया मेणबत्ती ओतल्यावर झाकण लावून निदान एक आठवडा, शक्यतो दोन आठवडे ठेवायची. दुसऱ्या दिवशी पेटवून ‘वासच येत नाही’ म्हणणाऱ्यांत नव्यानं शिकणाऱ्यांचा भरणा असतो. पॅराफिनला दोन-चार दिवस पुरतात. दिवाळीचा माल हवा असेल तर तयारी वसुबारसेच्या निदान महिनाभर आधी संपलेली असावी.

ग्लासाबाबत एक इशारा. मारुती रोड, हरभट रोडच्या बाजारात चहाचे पातळ ग्लास डझनानं स्वस्त मिळतात. ते मेणबत्तीसाठी नाहीत. जाड बुडाचा, मेणबत्तीसाठीच विकला जाणारा जार घ्या आणि तळाशी १ सेंटीमीटर मेण उरलं की मेणबत्ती वापरणं थांबवा, असं लेबलवर लिहा. बुडाशी ज्योत पोहोचली की काच तडकते.

आग लागली तर पाणी टाकायचं नाही. गरम मेणावर पाणी पडलं की मेण उसळून भडका होतो. जगावर झाकण ठेवायचं, गॅस बंद करायचा. झाकण, खाण्याचा सोडा आणि कोरडी पावडर असलेला छोटा अग्निशामक हाताशी हवा. मेणाची भांडी स्वयंपाकाला वापरायची नाहीत, आणि उरलेलं मेण बेसिनमध्ये ओतायचं नाही. ते पुढच्या वळणावर थिजून नळी बंद करतं. वर्तमानपत्राच्या कागदानं पुसून कचऱ्यात टाका.

आता पैशाकडे. पुढचे दर उदाहरणादाखल धरले आहेत, आपापल्या खरेदीचे आकडे घालून बघा. सोया ३५० रुपये किलो धरलं तर १५० ग्रॅमचे साडेबावन्न. सुगंध २,००० रुपये किलो तर १२ ग्रॅमचे २४. झाकणासह जार ६०, वात आणि स्टिकर ५, लेबल ६, खोका २०. झाले एकशे साडेसदुसष्ट. फुटतूट आणि वाया जाणाऱ्या मालाचे ५ टक्के धरून १७६. एमआरपी ३९९ ठेवली आणि दुकानदारानं ३५ टक्के घेतले, तर हातात २५९ येतात. मागे उरले ८३, त्यात तुमची मजुरी, गॅस आणि ने-आण. दुकानात माल ‘विकला तर पैसे’ या बोलीवर ठेवला तर यातला निम्मा माल महिनोन्महिने अडकतो. महाबळेश्वर-पाचगणीची दुकानं आणि हॉटेलं चांगली गिऱ्हाइकं आहेत, पण तिथं आधी एक छोटी रोख ऑर्डर मागावी.

सांगलीत चालणारा खरा माल लहान आहे. संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला वाण म्हणून ४० ग्रॅमच्या डबीतली मेणबत्ती पन्नास-शंभर नगांनी जाते. जानेवारीची थंडी असल्यानं वितळायची भीती नाही, आणि एका मापाची वात एकदा ठरवली की काम भराभर होतं. दिवाळीत बचत गटांच्या प्रदर्शनात हीच डबी चालते. उन्हाळ्यात जारचा माल कमी करून वर सांगितलेलं मिश्रण वापरावं आणि कुरिअर सोमवार-मंगळवारीच टाकावं, म्हणजे शनिवार-रविवार पार्सल गोदामात तापत पडत नाही.

कागदपत्रांचं काम सोपं आहे. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, कुणी पैसे मागितले तर ती दुसरीच साइट समजा. मेणबत्तीचा एचएसएन, म्हणजे जीएसटीसाठीचा मालाचा क्रमांक, ३४०६. फक्त मालाचा धंदा असेल तर राज्यातल्या राज्यात वार्षिक ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, परराज्यात विकण्याआधी मात्र कर सल्लागाराला विचारून घ्या. वैधमापनाच्या २०११ च्या नियमांनुसार डब्यावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, मालाचं नाव, निव्वळ वजन, उत्पादनाचा महिना आणि वर्ष, सर्व करांसह एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क हवाच. निव्वळ वजन म्हणजे मेण आणि सुगंधाचं, जारचं त्यात धरायचं नाही. ही चूक प्रदर्शनातल्या अर्ध्याअधिक लेबलांवर दिसते. त्याखाली वात ५ मिलीमीटरवर कापा, एका वेळी ४ तासांपेक्षा जास्त जाळू नका, पंख्याखाली, पडद्याजवळ आणि मुलांच्या हाताशी ठेवू नका, या सूचना मराठीत छापा.

किट घ्यावं की नाही? मुलांबरोबर सुट्टीत एक दुपार घालवायची असेल, कुणाला भेट द्यायची असेल, तर खुशाल घ्या, पाचपैकी साडेतीन गुण. धंद्यासाठी पाचपैकी दोन. साधारण तेवढ्याच पैशांत १ किलो सोया, एकाच सुगंधाची १०० ग्रॅमची बाटली, तीन क्रमांकांच्या प्रत्येकी पाच वाती आणि एकाच मापाचे सहा जार सुटे घ्या. वजनकाट्याचे पैसे वेगळे काढा, जग म्हणून घरातलं जुनं स्टीलचं भांडं चालेल. किट आधीच घरात आलं असेल तर उरलेल्या ७०० ग्रॅम वॅक्सला ५६ ग्रॅम सुगंध वेगळा मागवा, मायकाच्या पुड्या रांगोळीत वापरा, आणि त्या दहा वातींवर मार्करनं ‘६ सेंमी’ असं लिहून ठेवा, म्हणजे चुकून रुंद ग्लासात जाणार नाहीत.